नाण्यांचे व शिलालेखांचे उपासक पंडित भगवानलाल इंद्रजी

मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला म्हणजे सभामंडपाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची पाटी बसविली जाते. कोणी रोख रक्कम दिलेली असते, कोणी एक खांब दिलेला असतो, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ पायऱ्या बांधून दिलेल्या असतात. नाव दगडात कोरले म्हणजे ते कायमचे राहिले अशी सर्वांची समजूत असते. परंतु दगडातले नावसुद्धा ते वाचणारा माणूस असेल तोपर्यंतच राहते. नाशिकच्या लेण्यांत, जुन्नरच्या डोंगरात, नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या देणग्यांच्या अशाच पाट्या खडकात कोरलेल्या आहेत. मधल्या शतकांत ती अक्षरे ओळखणारा कोणी उरला नाही. लोक ती पांडवांच्या हातची अक्षरे समजत आणि नमस्कार करून पुढे जात. ती नावे पुन्हा वाचून देणाऱ्या मोजक्या माणसांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे स्थान फार वरचे आहे. जन्माने ते गुजराती. परंतु त्यांच्या आयुष्यातले मोठे काम महाराष्ट्राच्या मातीत झाले. म्हणून त्यांचे चरित्र अशा स्मरणिकेत येणे उचितच होय.

भगवानलालांचा जन्म १८३९ साली सौराष्ट्रातील जुनागड येथे एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी संस्कृत विद्येची परंपरा होती. इंग्रजी शाळेचे शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. पण त्यांच्या गावाजवळ एक अशी शाळा होती की तशी शाळा हिंदुस्थानात दुसरीकडे नव्हती. गिरनार पर्वताला जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्यावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख कोरलेले आहेत. सम्राट अशोकाच्या चौदा आज्ञा, त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी महाक्षत्रप रुद्रदामन याचा लेख आणि त्यापुढे तीनशे वर्षांनी गुप्त सम्राट स्कंदगुप्त याच्या काळचा लेख. गिरनारला जाणारे यात्रेकरू त्या खडकाजवळून रोज जात. कुमारवयातल्या भगवानलालांना मात्र तो खडक सोडवेना.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८३७ साली, कलकत्त्याच्या टांकसाळीत सोन्याचांदीचा कस पाहण्याचे काम करणारा जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी अशोकाची ब्राह्मी लिपी वाचण्यात यशस्वी झाला होता. नाण्यांवरची अक्षरे जुळवता जुळवताच त्याला ही वाट सापडली. त्याने तयार केलेला अक्षरांचा तक्ता एका इंग्रज अधिकाऱ्यामार्फत जुनागडच्या या मुलाच्या हाती आला. तो तक्ता घेऊन भगवानलाल खडकाशी जात आणि एकेक अक्षर लावून पाहत. गुरू नाही, पुस्तक नाही, पगार तर नाहीच. अशा रीतीने ते स्वतःच्या हिमतीवर जुनी लिपी शिकले.

त्या खडकावरचा रुद्रदामनाचा लेख म्हणजे वास्तविक एका जीर्णोद्धाराचीच नोंद आहे. गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा मोठा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी त्याचा बांध घातला गेला. पुढे मोठे वादळ होऊन पूर आला, बांध फुटला आणि तलाव कोरडा पडला. इतके मोठे काम होणे नाही म्हणून अधिकाऱ्यांनी हात टेकले, प्रजा हवालदिल झाली. तेव्हा रुद्रदामनाच्या सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने तो बांध पूर्वीपेक्षा मजबूत बांधून काढला. यासाठी प्रजेवर नवा कर बसविला नाही, कोणाकडून वेठबिगार करून घेतली नाही, सर्व खर्च राजाने आपल्या खजिन्यातून केला, असे त्या लेखात मुद्दाम नमूद केलेले आहे. लेख शके ७२ नंतरचा, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराचा. वर्गणीचा हिशोब चोख ठेवण्याची आपल्याकडची रीत किती जुनी आहे ते यावरून ध्यानात यावे. पुढे १८७८ साली डॉ. बूलर यांच्यासह भगवानलालांनी या लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. ज्या खडकापाशी ते अक्षरे गिरवायला शिकले त्याच खडकाचे ऋण त्यांनी असे फेडले.

त्या काळी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे मोठे नाव होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. नामांकित डॉक्टर, गोरगरिबांना मोफत औषध देणारे आणि प्राचीन इतिहासाचे व्यासंगी. जुने लेख वाचायला त्यांच्यापाशी विद्या होती, परंतु रोगी सोडून रानोमाळ हिंडायला वेळ नव्हता. गुजरातच्या इतिहासाची आवड असलेले किन्लॉक फोर्ब्स यांनी जुनागडच्या या तरुणाविषयी त्यांना कळविले. १८६२ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले. तेव्हा त्यांचे वय बावीस-तेवीस. त्यानंतर बारा वर्षे त्यांनी भाऊ दाजींसाठी सारा देश पालथा घातला. अजिंठा, नाशिक, कार्ले, जुन्नर, नाणेघाट झाले. मग मध्य हिंदुस्थान, काशी, मथुरा, राजपुताना. वायव्येला पेशावरकडचा मुलूख, पूर्वेला ओरिसा आणि उत्तरेला थेट नेपाळ.

आजच्या वाचकाला या प्रवासाची कल्पना यावयाची नाही. आगगाडी मोजक्या मार्गांवर होती. बाकी प्रवास बैलगाडीने, घोड्यावरून, नाहीतर पायी. लेणी गर्द झाडीत, वटवाघळांनी भरलेली. शिलालेख भिंतीवर उंच कोरलेला असेल तर बांबूची परात बांधून वर चढावे लागे. शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत अशी असते की, दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद बसवितात आणि कुंचल्याने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवितात. वारा सुटला की कागद फाटतो, ऊन लागले की सुरकुततो. शिवाय ठशात दगडाचा टवका आणि अक्षराची काना-मात्रा सारखीच दिसते. म्हणून खरा जाणकार ठशावर न थांबता पुन्हा दगडापाशी जाऊन बोट फिरवून पाहतो. भगवानलालांची ख्याती या बाबतीत होती. त्यांनी आणलेली नक्कल म्हणजे खात्रीची नक्कल, असे युरोपातील विद्वानसुद्धा मानीत. भाऊ दाजींच्या कितीतरी निबंधांमागे भगवानलालांच्या या पायपिटीचे बळ होते. निबंध भाऊ दाजींच्या नावाने प्रसिद्ध होत, आणि त्यात भगवानलालांना कमीपणा वाटला असे दिसत नाही. भाऊ दाजींना ते गुरुस्थानी मानीत.

मथुरेची हकीकत मंदिराच्या संबंधात सांगण्यासारखी आहे. १८६९ साली तेथे शीतलादेवीच्या एका लहानशा ठाण्याच्या पायरीत बसविलेला तांबड्या दगडाचा एक तुकडा त्यांना दिसला. पाठीला पाठ लावून बसलेले दोन सिंह, आणि अंगभर बारीक अक्षरे. ही लिपी ब्राह्मी नव्हती. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी खरोष्ठी होती आणि ती वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तो दगड म्हणजे एका स्तंभाचा माथा निघाला. एका महाक्षत्रपाच्या पट्टराणीने केलेल्या धर्मदानाची, तिच्या सर्व गणगोताच्या नावांसह, त्यावर नोंद होती. राणीने लोकांनी वाचावी म्हणून कोरलेली यादी पुढे पायरीचा दगड होऊन बसली आणि भाविक तिच्यावर पाय देऊन देवीला नारळ वाहत राहिले. यात भाविकांचा दोष काही नाही. वाचता येत नाही तोवर दगड तो दगडच. परंतु गावोगाव जीर्णोद्धाराच्या वेळी जुने कोरीव दगड फरशीखाली जातात किंवा ऑईलपेंटने रंगविले जातात, तेव्हा मथुरेच्या या पायरीची आठवण ठेवायला हवी.

३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी वारले. भगवानलालांचा आधार गेला. ते सरकारी नोकर नव्हते, कोणत्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते आणि इंग्रजीत लेख लिहिण्याइतके इंग्रजी त्यांना येत नव्हते. त्या काळी विद्वत्तेचा सारा व्यवहार इंग्रजीतून चाले. अशा स्थितीत दुसरा एखादा आपल्या गावी परत गेला असता. भगवानलाल मुंबईतच राहिले आणि स्वतःच्या नावाने गुजरातीत लिहू लागले. डॉ. बूलर हे जर्मन पंडित त्यांचे स्नेही होते. ते व इतर मंडळी या लेखांचे इंग्रजी भाषांतर करीत. नेपाळातील तेवीस लेखांचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १८८० साली असाच बाहेर आला. ओरिसातील हाथीगुंफेचा लेख कलिंगाच्या खारवेल राजाचा आहे हे राजाचे नाव बरोबर लावून त्यांनीच प्रथम दाखविले. हा निबंध हॉलंडमधील लायडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेपुढे गेला, आणि १८८४ साली लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. मॅट्रिकसुद्धा न झालेल्या माणसाला ही पदवी मिळाली हे विशेष होय.

आता त्यांच्या नाण्यांविषयी. जुनागड व काठेवाडच्या बाजारात जुनी चांदीची लहान नाणी पुष्कळ मिळत. शेत नांगरताना, पावसाने माती वाहून गेल्यावर ती वर येत आणि सराफाकडे जात. सराफ ती वजनावर घेई आणि मुशीत टाकी. अशा रीतीने किती राजे वितळून लोकांच्या तोड्यांत व करगोट्यांत गेले असतील त्याची गणती नाही. भगवानलालांनी लहानपणापासून ही नाणी जमविण्यास सुरुवात केली. ती क्षत्रप राजांची नाणी होती. हे राजे मूळचे शक. माळवा, गुजरात, काठेवाड व काही काळ उत्तर महाराष्ट्र व कोकण येथे त्यांचे राज्य होते. नाणे सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढे, वजनाला साधारण दोन मासे. एका बाजूस राजाचे मुख; मोठे नाक, मिशा, डोक्याला टोपीवजा पागोटे. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, शेजारी सूर्य, खाली नदीची वळणाची रेघ, आणि कडेने गोल फिरणारी ब्राह्मी अक्षरे.

या अक्षरांत एक मोठी सोय होती. त्यांत राजाचे नाव तर असेच, पण त्याच्या बापाचेही नाव किताबासह असे. सातबाराच्या उताऱ्यावर जसे खातेदाराचे नाव वडिलांच्या नावासह येते तसाच हा प्रकार. म्हणजे नाणी जुळविली की वंशावळ आपोआप उभी राहते. अडचण एवढीच की छाप मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळी अक्षरे क्वचित येतात. एकावर नावाचा आरंभ असतो तर दुसऱ्यावर शेवट. म्हणून एकाच राजाची दहा-वीस नाणी समोर मांडून एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते. हे काम घाईने होत नाही. नाण्यावरचा मळ घासून काढावा तर त्याबरोबर अक्षरही झिजते.

दुसरी सोय त्याहून मोठी. राजाच्या मुखाच्या मागे, मानेपाशी, बारीक अंक आहेत. ते अंक आजच्यासारखे नाहीत. त्या काळी शून्य लिहिण्याची पद्धत नव्हती. दहाला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. या चिन्हांचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रिन्सेपपासून चालू होता, पण बरीच चिन्हे अडून राहिली होती. भगवानलालांनी ती चिन्हे नाणेघाटात नीट लावली. जुन्नरजवळच्या या घाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण तेथेच आहे. लेण्याच्या भिंतींवर सातवाहन घराण्यातील नागनिका राणीचा मोठा लेख आहे. राजाने कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली याचा तो हिशोब आहे, त्यामुळे त्यात आकडेच आकडे आहेत. हिशोबाचा कागद वाचणाऱ्याला आकडा कोठे येणार हे ठाऊक असते. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून भगवानलालांनी प्राचीन अंकांची मांडणी स्पष्ट करून दाखविली. त्याच लेण्यात मागील भिंतीवर एका काळी पुतळे होते. आता पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. पण वर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे कोरलेली आहेत. महाराष्ट्राच्या पहिल्या राजघराण्याचा जणू फोटोच तो.

अंक लागले आणि नाणी बोलू लागली. क्षत्रपांच्या नाण्यांवरचे वर्ष हे शालिवाहन शकाचे. आपल्या पंचांगात आजही जो शक चालतो तोच हा. शके शंभरच्या पुढे सुरू होऊन शके ३१० पर्यंत ही वर्षे जातात. सुमारे दोनशे वर्षांत कोण राजा कधी गादीवर आला, कोणी कोणानंतर राज्य केले, हे वर्षावार लावता आले. या घराण्यात पुष्कळदा बापानंतर थोरला मुलगा, त्यानंतर मुलाऐवजी त्याचा धाकटा भाऊ अशी गादी चाले हेही नाण्यांवरूनच कळले. एवढा मोठा वंश, पण कोणत्याही पोथीत त्याची सलग यादी नव्हती. ती यादी दोन मासे चांदीच्या तुकड्यांनी दिली.

नाशिकच्या लेण्यांचे लेख तर देणगीदारांनी आवर्जून जाणून घ्यावेत असे आहेत. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तेथे एक लेणे कोरून दिले आणि आपल्या दानांची यादी भिंतीवर कोरली. तीन लाख गाई, सोळा गावे, नद्यांवर फुकट नावा, धर्मशाळा, नारळाची झाडे. नावांची सोय केलेल्या नद्यांत तापी आहे, दमण आहे, डहाणूची नदीही आहे. धर्मशाळा बांधल्या त्या ठिकाणांत सोपारे आहे. परंतु सर्वांत मनोरंजक आहे ती त्याने केलेली कायम ठेव. लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण दिले. पैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत मागावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. हिशोब पै न पै जुळतो. शिवाय ही ठेव नगराच्या सभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदविली असेही त्यात लिहिले आहे. दप्तरी काम किती व्यवस्थित होते पाहा. लेखांत पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण असा दरही दिलेला आहे. चांदीच्या व सोन्याच्या नाण्यांचा त्या काळचा भाव कळण्यास याहून खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

हे लेख वाचण्याचे काम भगवानलालांप्रमाणेच डॉ. भांडारकर, डॉ. बूलर इत्यादींनीही केले. भगवानलालांचे वाचन १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सविस्तर आलेले आहे. या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांनी मुंबई इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांसाठी त्यांची मदत घेतली. लेण्यांतील लेखांचे डॉ. बर्जेस यांच्यासह केलेले पुस्तक १८८१ साली निघाले.

सोपाऱ्याचा प्रसंग १८८२ सालचा. सोपारे म्हणजे हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. पूर्वीचे शूर्पारक बंदर. गावाजवळ एक मोठा उंचवटा होता. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. गॅझेटियरच्या कामासाठी हिंडताना भगवानलालांनी तो पाहिला आणि हा कोट नसून बौद्ध स्तूप असावा असे ताडले. एप्रिल महिन्यात खोदाई झाली. विटांच्या पोटात एक मोठा गोल दगडी डबा निघाला. झाकण काढल्यावर मध्यभागी तांब्याचा करंडक व त्याभोवती आठ लहान बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने जपले असावेत असा भगवानलालांनी अर्थ लावला. बरोबर सोन्याची फुले होती, आणि चांदीचे एक नाणे होते. इतरांचे डोळे सोन्यावर गेले असतील. भगवानलालांना त्या नाण्याचे मोल जास्त. त्यावर गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव होते, त्यामुळे स्तूपाचा काळ ठरविता आला. पुढे विद्वानांनी असे दाखविले की आठ मूर्ती त्या नाण्यापेक्षा काही शतकांनी नंतरच्या आहेत. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी तो स्तूप उघडून, आतील वस्तू जशाच्या तशा पुन्हा ठेवून, आपल्या मूर्तींची भर घालून तो बंद केला. जुने न टाकता नवे वाढविणे, असा तो जीर्णोद्धार होता. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे देण्यात आल्या. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक तुकडाही भगवानलालांना त्याच वर्षी सोपाऱ्यास मिळाला.

येथे एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. पायाच्या खोदाईत नाणी वा दागिने सापडले म्हणजे ते गुपचूप वाटून घेण्याची किंवा मोडीत घालण्याची चाल जुनी आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील असा ठेवा सापडल्यास कलेक्टरकडे लेखी वर्दी द्यावी लागते. लोक या कायद्याला भितात, पण त्यात सापडणाऱ्याचा हक्कही सांगितलेला आहे. मुशीत गेलेल्या नाण्याचा मात्र कोणालाच काही उपयोग राहत नाही.

भगवानलालांचे शेवटचे दिवस मुंबईत वाळकेश्वर येथे गेले. घर म्हणजे एक संग्रहालयच होते. नाणी, ताम्रपट, कोरीव दगड, पोथ्या. अभ्यासू मनुष्य आला की ते हातचे काम बाजूस ठेवून त्याला सर्व दाखवीत. मुंबई विद्यापीठाने त्यांना फेलो नेमले होते, युरोपातील संस्थांनी सन्मान दिले होते, परंतु राहणी साधीच राहिली. १६ मार्च १८८८ रोजी ते निवर्तले. वय पन्नासही नव्हते. क्षत्रप नाण्यांवरचा त्यांचा मोठा निबंध आणि गुजरातचा प्राचीन इतिहास दोन्ही हातावेगळे होऊन छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मृत्युपत्रात त्यांनी पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीस दिल्या, आणि नाणी व मथुरेचा सिंहस्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला. यामुळे पुष्कळांना हळहळ वाटते आणि ती रास्तच आहे. जुनागडच्या मातीतून वेचलेली नाणी समुद्रापलीकडे गेली. ती आपल्या देशात असती तर आपल्या मुलांना पाहता आली असती. परंतु त्या वेळी मुंबईत नाण्यांची देखभाल करणारे स्वतंत्र खाते असलेले संग्रहालय कोठे होते? भायखळ्याचे म्युझियम, ज्याच्या उभारणीत भाऊ दाजींनीच पुढाकार घेतला होता, ते मुख्यतः कारागिरीच्या वस्तूंचे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांना खुले झाले ते १९२२ साली. चौतीस वर्षे ती नाणी कोणाच्या कपाटात राहिली असती, आणि किती राहिली असती, हा विचारही करावा लागतो.

लंडनला त्या वेळी नाण्यांच्या खात्यात रॅप्सन नावाचे तरुण अधिकारी नुकतेच रुजू झाले होते. संग्रहालयातील नाण्यांच्या अधिकाऱ्याचे काम बाहेरून दिसते तसे सोपे नसते. प्रत्येक नाणे तोलावे लागते, मापावे लागते, त्यावरचे प्रत्येक अक्षर व अक्षराची जागा लिहून ठेवावी लागते, आणि कोणाकडून आले याची नोंद करावी लागते. ती नोंद चुकली तर नाण्याचे अर्धे मोल गेले. रॅप्सन यांनी भगवानलालांचा अपुरा निबंध संपादून १८९० साली प्रसिद्ध केला. सिंहस्तंभाचे वाचन डॉ. बूलर यांनी १८९४ साली छापले, आणि गुजरातचा इतिहास १८९६ साली गॅझेटियरच्या पहिल्या खंडात आला. तिन्ही कामांवर भगवानलालांचे नाव राखले गेले. मित्र चांगले मिळाले हे त्यांचे भाग्य म्हणावे लागेल.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सर्व नहपानाची, ज्याच्या जावयाने नाशिकला ती कायम ठेव केली होती त्याच नहपानाची. भगवानलालांच्या हयातीत नहपानाचे नाणे म्हणजे मोठी दुर्मिळ वस्तू होती. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. त्याने क्षहरात वंशाचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केला असे त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवले होतेच. दगडाने सांगितले ते नाण्यांनी खरे ठरविले. ही बातमी ऐकायला भगवानलाल नव्हते.

दोन वर्षांनी, १९०८ साली, रॅप्सन यांनी सातवाहन व क्षत्रप नाण्यांची मोठी सूची छापली. दक्षिणेच्या व पश्चिम हिंदुस्थानच्या प्राचीन नाण्यांचा अभ्यास करणारा अजूनही ती सूची प्रथम उघडतो. त्यात पानापानांवर वजन, माप, वर्ष आणि राजाचे नाव दिलेले आहे, आणि ठिकठिकाणी जुनागडच्या पंडित भगवानलाल इंद्रजींचे नाव आहे.